टेबलाचा नारळ

योगिनीचं चुकलं कुठं, तर ती खरं बोलली. उन्हाळ्यात आजारी पडून सुट्टीवर गेलेली बाई पोळा झाल्यावर कामावर परत आली. चहाच्या सुट्टीत बायांनी घेरलं, काय गं, कुठं होतीस, काय झालं होतं? तर ही सरळ सांगून मोकळी. मनाचा आजार झाला होता म्हणाली. झोप लागत नव्हती, रडू थांबत नव्हतं, भाकर थापायला हात उचलत नव्हता. नवऱ्यानं मोठ्या दवाखान्यात नेलं, डॉक्टरीणबाईनं गोळ्या दिल्या, आता बरंय, गोळी तेवढी वरीसभर रोज सकाळी घ्यायचीय. हे सगळं तिनं चहात बिस्कीट बुडवता बुडवता सांगितलं, जसं कुणी अपेंडिक्सच्या ऑपरेशनचं सांगावं. दुसरी एखादी असती तर कावीळ झाली होती म्हणाली असती आणि सुखानं राहिली असती. पण योगिनीला थाप मारता येत नाही. लहानपणी बकऱ्या कुणाच्या शेतात शिरल्या असं विचारलं की ही आपणहून हात वर करायची.

कारखाना चिकलठाण्यातला, जालना रोडपासून आत, पत्र्याच्या शेडमधला. मोटारसायकलच्या इंजिनात बसतात ते रबराचे काळे वायसर तिथं बनतात. योगिनी तपासणीला होती. लांब टेबल, वर ट्यूबलाइट, हातात भिंग, एका बाजूला हिरवं क्रेट आणि दुसऱ्या बाजूला लाल. चांगला माल हिरव्यात, खोटा लालमध्ये. तिनं एकदा माल लालमध्ये टाकला की तो परत हिरव्यात यायचा नाही, मग मालक येऊन उभा राहो. सुपरवायझर रामप्रसाद रोज टेबलाशी येऊन तिच्याशी भांडायचा. ती त्याच्या नाकासमोर भिंग धरायची आणि म्हणायची, तुम्हीच बघा. माणूस तावातावानं यायचा आणि गुमान जायचा. तिच्या घरच्यांच्या कितीतरी पिढ्या खुलताबादच्या डोंगराखाली मेंढरं राखण्यात गेल्या. त्या घराण्यात असं टेबल, अशी खुर्ची आणि असा शब्दाला मान पहिल्यांदा हिलाच मिळाला होता. पगार काय, सगळ्यांसारखाच. पण ते टेबल म्हणजे तिचा जीव की प्राण.

परत आली तर टेबलावर राजकुमार. बदली म्हणून बसवला होता. पोरगा गुणाचा, पण कुणाला नाही म्हणणं त्याच्या जिवावर यायचं, आणि वायसरलासुद्धा तो नाही म्हणू शकत नव्हता. सगळं हिरव्यात. रामप्रसाद त्याच्यावर बेहद्द खूश. योगिनी टेबलाकडं निघाली तशी रामप्रसादनं तिला वाटेतच अडवलं आणि असल्या काही मऊ आवाजात बोलायला लागला की ती मागं वळून बघायला लागली, हा बोलतोय कुणाशी. म्हणाला, ताई, तुम्ही आता टेन्शनचं काम करायचं नाय. तुमच्यासाठी निवांत काम काढून ठेवलंय. ते निवांत काम म्हणजे शेडच्या कोपऱ्यात बसून पास झालेला माल भरायचा आणि पुठ्ठ्याची खोकी चिकटवायची.

बरं, खोकी तर खोकी. पण चिकटपट्टी कापायला तिथं सगळ्यांकडं कटर असतं, तेच हिला दिलं नाही. धारेची वस्तू, म्हणे, जवळ नको. मग दर खोक्याला बाईनं मान वर करून हाक मारायची, राजकुमार, पट्टी. तो तपासणी सोडून पळत यायचा, पट्टी कापायचा, आणि कटर खिशात घालून मागल्या पावली परत जायचा.

आणि त्या दिवसापासून तिच्या तोंडाकडं सगळ्या शेडचं लक्ष. ती हसली तर बाया एकमेकींना डोळ्यांनी खुणवायच्या, गोळी जास्तीची झाली वाटतं. चिडली तर गोळी राहिली वाटतं. गप्प बसली तर परत सुरू झालं वाटतं. तिनं मग तोंड अगदी बेताचं ठेवून बघितलं, ना हसरं ना रडकं. तर एकीनं हळूच विचारलं, गोळ्यांनी गाल बधिर होतात का गं? आता काय करावं माणसानं. मारूनमुटकून ठेवावं म्हटलं तरी तोंड काही डब्यात भरून ठेवता येत नाही.

वाईट कुणी वागत नव्हतं, हीच तर खरी पंचाईत होती. वाईट वागले असते तर तिनं एकेकाला फैलावर घेतलं असतं. सगळे लई मायेनं वागायचे. कुणी शहागंजातून ब्राह्मीचं तेल आणलं, कुणी भिजवलेले बदाम, कुणी खुलताबादच्या दर्ग्यातून दोरा. तेल तर इतकं जमलं की सासू राजाबाईनं त्यात दिवाळीच्या करंज्या तळू का म्हणून विचारलं. योगिनी सगळ्यांना बरं बरं म्हणायची आणि आतून जळायची.

एक दिवस मात्र फारच झालं. खोकी भरताना तिला हिरव्या क्रेटमधले वायसर दिसले. कडेला चीर. एकाला नाही, सरसकट. तिनं रामप्रसादला बोलावून दाखवलं. आधीचा रामप्रसाद असता तर डोळे वटारले असते, वाद घातला असता, भिंग मागितलं असतं. या रामप्रसादनं मान डोलावली. व्हय ताई, बरोबर ताई, म्हणाला. बघतो ताई. आणि वळून राजकुमारला, तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्या हळू आवाजात म्हणाला, आज बाईची गोळी राहिली वाटतं. माल तसाच गाडीत भरून गेला. योगिनीला ते फार लागलं. इतकं की डोळे भरून आले, आणि तिनं ते खोक्यात तोंड घालून तसेच जिरवले. रडताना कुणी बघितलं असतं तर पुढं काय झालं असतं ते सांगायला नको.

तिची एक मैत्रीण होती, दीपमाला. मुकुंदवाडीत एकाच गल्लीत राहायच्या दोघी आणि एकाच रिक्षानं यायच्या. दीपमाला कामात झटपट आणि बोलण्यात त्याहून झटपट. घरात बाबासाहेबांचा फोटो, आणि बापानं शिकवलेलं एकच, की अन्याय झाला तर वर जाऊन विचारायचं. ती योगिनीला घेऊन थेट मालकाच्या केबिनीत शिरली. डॉक्टरीणबाईनं लिहून दिलेलं दाखवलं, बाई कामाला ठणठणीत आहे म्हणून. मालक माणूस मोठा सभ्य. पाणी मागवलं, लेकराबाळांची चौकशी केली. माझ्या मनात काहीच नाही म्हणाले, पण उद्या काही झालं तर? दीपमालानं विचारलं, काय होईल? त्यावर मालकांनी पाण्याचा ग्लास तिच्याकडं सरकवला. शेवटी, हे सगळं रामप्रसाद बघतो, असं म्हणून त्यांनी दोघींच्या हातात एकेक सफरचंद ठेवलं.

आता नवरात्र तोंडावर आलं होतं, आणि त्यातच खरी मेख होती. या कारखान्यात खंडेनवमीला मशिनींची पूजा होते आणि ज्याचं मशीन त्यानं त्याच्यापुढं नारळ फोडायचा अशी रीत आहे. बायांनी नारळ फोडू नये असं बाहेर म्हणतात, पण तिथं अर्ध्याहून जास्त मशिनी बायांच्याच हातात, त्यामुळं ते कधी चाललं नाही. ज्यानं नारळ फोडला त्याचं ते मशीन, पुढच्या नवमीपर्यंत. मधेच बदलायचं नाही, मशीन रुसतं. एकदा मोठ्या प्रेसवरचा माणूस मधेच बदलला होता, तर प्रेस असा रुसला की पुण्याहून माणूस आणावा लागला. तेव्हापासून मालकसुद्धा या रीतीला हात लावत नाहीत. तपासणीच्या टेबलाचाही नारळ असतो. गेल्या नवमीला तो योगिनीनं फोडला होता, म्हणून राजकुमार अजून नुसता बदली होता. पण यंदाचा नारळ राजकुमारनं फोडला की संपलं. मग वर्षभर खोकी, आणि वर्षानंतर तिला कोण विचारतंय. तिनं रामप्रसादला जाऊन सांगितलं, नारळ मी फोडते. त्यानं हात जोडले. ताई, दणका बसतो, डोक्याला आवाज सहन व्हायचा नाय.

घरी येऊन तिनं पिशवी आपटली. राजाबाई लसूण सोलत बसली होती. सासू तशी खाष्ट, पण आजारपणात रोज सुनेचे केस विंचरून द्यायची ती हीच. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, चूक तुझीच हाय. "अंगात आलं व्हतं म्हणली असतीस तर पाया पडले असते. डॉक्टर म्हणलीस, अन् बसलीस खोके चिकटवत."

आणि यात खोटं काय होतं, सांगा. त्याच कारखान्यात सरूबाई होती. वर्षभर झाडू मारायची, चहा द्यायची, आणि कुणी तिला सरू म्हणायचं, कुणी मावशी. नवमीला संबळ वाजला की तिच्या अंगात यायचं. केस मोकळे, डोळे वर, घुमायला लागली की तिला आवरायला चार बाया लागायच्या. तेव्हा कुणी म्हणायचं नाही की बाईच्या हाती धारेची वस्तू देऊ नका. उलट तिला मालकाच्या खुर्चीत बसवायचे, ओटी भरायचे, आणि रामप्रसादसकट सगळे पायावर डोकं ठेवून घरातल्या अडचणी विचारायचे. सरूबाईचं खोटं होतं असं मी म्हणत नाही. तिचं तिला ठाऊक आणि तिच्या देवीला. पण एकीला मान आणि दुसरीला पुठ्ठा, हा न्याय कुठला?

राजाबाईचं म्हणणं साधं होतं. तूबी घूम. देवी म्हणून सांग, माझ्या लेकीचं आसन मोकळं कर, की झालं. योगिनी म्हणाली, आत्याबाई, मला नाय जमायचं. राजाबाई म्हणाली, मी शिकवते. सुट्टीच्या दिवशी दुपारी दार लावून शिकवणी सुरू झाली. केस असे सोडायचे, आधी पिना काढून, नाहीतर देवीच्या डोक्यात पिना दिसतात. मान आधी सावकाश, मग जोरात. दात आवळायचे. योगिनीनं मान फिरवली, दात आवळले, आणि सासूचा गंभीर चेहरा बघून तिला फिस्सकन हसू फुटलं. परत घुमली, परत हसली. मग राजाबाईलाही हसू आवरेना आणि दोघी भिंतीला टेकून पोट धरून हसायला लागल्या. तेवढ्यात नवरा अजिनाथ दुधाचा टेम्पो लावून घरात आला. बायको केस सोडून बसलीय, आई पदरानं डोळे पुसतीय. त्याचा चेहरा पडला. त्यानं हळूच विचारलं, आज गोळी घेतली का? त्यावर घरात जे काही झालं ते इथं सांगण्यासारखं नाही, पण अजिनाथनं पुन्हा तो प्रश्न विचारला नाही.

योगिनीनं ठरवलं होतं, असलं काही करायचं नाही. दीपमालाला सांगितलं तर तीही म्हणाली, हे काय मला पटत नाय. पण जरा थांबून म्हणाली, "मी तुमच्या पूजेला नाय, पण तुझ्या भांडणाला हाय."

खंडेनवमी उजाडली. मशिनी धुतलेल्या, प्रेसला झेंडूचे हार, जमिनीवर रांगोळ्या. मालक झब्बा घालून आले. संबळवाला आला. तपासणीचं टेबल कुणीतरी लखलखीत पुसलं होतं, भिंगाला हळदीकुंकू लावलं होतं, आणि टेबलाच्या शेजारी नवा शर्ट घालून राजकुमार उभा, हातात नारळ. त्याचा स्वतःचा जीवच त्यात नव्हता, तो सारखा योगिनीकडं बघून नजर खाली घालत होता. तिला सगळ्यात मागं, खोक्यांच्या ढिगाशी उभं केलं होतं. रामप्रसादनं येऊन विचारलंदेखील, ताई, आवाज जास्त होत असला तर बाहेर बसता का?

बस. त्या एका वाक्यानं तिचं डोकं फिरलं. संबळ चढत होता, पुढं सरूबाईनं पहिली किंकाळी फोडली होती, आणि योगिनीनं डोक्यातल्या पिना काढून दीपमालाच्या हातात दिल्या. दीपमाला म्हणाली, आता काय करतीस? योगिनीनं दात आवळले.

काय घुमली म्हणता. आजारपणातलं सगळं, खोक्यातलं सगळं, ब्राह्मीच्या तेलातलं सगळं त्या मानेत आलं. हसू वगैरे कुठं गेलं कुणास ठाऊक. बाया मागं सरकल्या, वाट झाली, आणि घुमत घुमत बाई बरोबर तपासणीच्या टेबलाशी येऊन आपल्या खुर्चीत बसली. दीपमालानं कंबर धरून ठेवली होती, नाहीतर एखाद्या प्रेसवर आपटली असती. एकदम दोन देव्या आल्या म्हटल्यावर गर्दी फुटली, अर्धी सरूबाईकडं, अर्धी इकडं. ज्यांनी तिला कटर दिलं नव्हतं ते तिच्या पायावर डोकं ठेवायला लागले. सगळ्यात पुढं रामप्रसाद.

योगिनीच्या ओठावर सासूनं शिकवलेलं वाक्य आलंच होतं. पण रामप्रसादनं हातानं बाकीच्यांना मागं रेटलं, देवीशी खासगी बोलायचंय म्हणाला, आणि गुडघ्यावर बसून अगदी तिच्या कानाशी आला. संबळाच्या आवाजात दोघंतिघं सोडून कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलायला लागला. आखाडापासून झोप नाय, आई. छातीत धडधड होते. गाडी भरायचा दिवस आला की हात कापतात. आणि रडू येतं. कामून येतं ते कळत नाय. घरात कुणाला दिसू नये म्हणून न्हाणीत नळ सोडतो अन् रडतो. "बायकोला वाटतं, माणूस लई वेळ आंघोळ करतो."

खरं सांगायचं तर योगिनीला आधी आनंद झाला. सापडलास, असं झालं तिला. हसू असं उसळून आलं की तिनं त्याचा हुंकार केला, आणि मागची गर्दी म्हणाली, आई खूश हाय. पण मग तिनं केसांच्या आडून त्याच्याकडं बघितलं. डोळ्यांखाली काळं. दाढी अर्धी केलेली, अर्धी राहिलेली. तिला हे सगळं माहीत होतं. दाढीसुद्धा अर्धीच होते, उरलेलीला हात उचलत नाही. रामप्रसाद विचारत होता, माहूरला जाऊन आलो, लिंबू उतरवून झाले, आता कुठं जाऊ?

"दवाखान्यात जा," देवी म्हणाली.

रामप्रसादनं मान वर केली. देवीनं घुमत घुमत पत्ता सांगितला. मोठ्या दवाखान्याच्या मागल्या अंगाला पिंपळ हाय, त्याच्या शेजारी जिना. मंगळवारी मनाची ओपीडी असते, लवकर जायचं, रांग असते. डॉक्टरीणबाई चांगली हाय, ऐकून घेते. गोळी सुरू झाली की आधी तोंड कोरडं पडतं, त्याला घाबरायचं नाय. बरं वाटलं म्हणून मधीच सोडायची नाय. नवरात्रात देवीनं आजवर पुष्कळांना पुष्कळ काही सांगितलं असेल, पण जिना कुठल्या बाजूला आहे हे सांगितल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

रामप्रसाद रडवेला झाला. म्हणाला, आई, पण गोळी घेतली की लोक येडं म्हणतात.

"कोण म्हणतं?"

 संबळ अजून वाजतच होता. मग रामप्रसाद म्हणाला, "मीच म्हणतो."

योगिनीची मान थांबली. आता तिला ते वाक्य बोलायचं होतं, आसन मोकळं कर म्हणून, आणि त्यानं ते निमूटपणे ऐकलंही असतं. टेबल अगदी हातात आलं होतं. पण समोर बसलेला माणूस बघून तिला ते बोलवेना. थाप मारता येत नाही हा तिचा दोष मी मगाशीच सांगितला. मान फिरवायला ती शिकली होती, पण बोलणं शिकली नव्हती. तिनं दोन्ही हातांनी केस मागं घेतले आणि आपल्या रोजच्या आवाजात त्याच्या कानाशी म्हणाली, "भाऊ, मी योगिनीच बोलतेय. मलाबी नळ सोडावा लागायचा. मी तिथं गेले अन् बरी झाले, म्हणून सांगते."

रामप्रसादचा चेहरा पांढराफटक पडला. आधी लाज आली, मग राग आला. म्हणजे देवी आलीच नव्हती का, एवढंच त्यानं कसंबसं विचारलं. शेजारीच मालकाच्या खुर्चीत बसवलेली सरूबाई अजून डोलत होती. तिनं डोलता डोलताच त्याला खडसावलं, आली का गेली ते तुला कशाला, सांगितलं ते ऐक. हे सरूबाई बोलली की तिची देवी, ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही, आणि रामप्रसादला उलटून विचारायची हिंमत झाली नाही.

तो उठला. बाहीनं तोंड पुसलं. राजकुमारच्या हातातला नारळ घेतला, आणि राजकुमारनं तो इतक्या आनंदानं दिला की जणू निखारा हातातून सुटला. लोकांना वाटलं, देवीनं आज्ञा केली. कुणीतरी हात जोडले. ते बघून योगिनी खुर्चीतून उठली. देवीचा म्हणून नारळ मिळाला तर पुढच्या नवमीलाही घुमावं लागणार, आणि गोळी मात्र चोरून घ्यावी लागणार, हे तिच्या डोक्यात लख्ख आलं.

"माझ्या अंगात काही आलेलं नव्हतं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "नारळ पाहिजे म्हणून घुमले, ते चुकलं. मी रोज सकाळी गोळी घेते अन् मी ठणठणीत हाय. द्यायचा असला तर हे ऐकून नारळ द्या."

शेडमध्ये गलका झाला. देवीच्या नावानं असलं करावं का, असं एक म्हातारी म्हणाली आणि तिचं काही खोटं नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं, हिची आज गोळी राहिली. चार-दोन जण हसले. मालक झब्ब्याची बटणं चाचपत रामप्रसादकडं बघायला लागले, कारण हे सगळं रामप्रसाद बघत असे. रामप्रसाद नारळ छातीशी धरून उभा होता. त्यानं एकदा हसणाऱ्यांकडं बघितलं. हे हसणं त्याच्या ओळखीचं होतं, त्याचंच होतं ते. उद्या त्या जिन्याशी त्याला कुणी बघितलं तर हेच हसणं त्याच्या वाट्याला येणार होतं.  योगिनीनं त्याच्याकडं बघितलं आणि तोंड बंद ठेवलं. त्याच्या न्हाणीतल्या नळाबद्दल एक शब्द बोलली असती तर मामला तिथंच मिटला असता. 

"टेबल योगिनीताईचं हाय," रामप्रसाद म्हणाला. "सुट्टीवरून आल्या त्याच दिवशी द्यायला पाहिजे होतं. चूक माझी हाय."

त्यानं नारळ तिच्या हातात दिला. खाली लोखंडी ठोकळा ठेवला तोही त्यानंच. योगिनीनं नारळ असा आपटला की पाणी मालकांच्या नव्या झब्ब्यावर उडालं आणि एक भकल उडून खोक्यांच्या ढिगात गेलं. दीपमाला पूजेला हात जोडत नाही, पण तिनं ते भकल जाऊन शोधून आणलं आणि तिथंच उभ्या उभ्या खोबरं खाल्लं.

दसऱ्यानंतरच्या मंगळवारी रामप्रसादनं गावाकडं काम आहे म्हणून सुट्टी टाकली. कुठल्या गावाकडं ते योगिनीनं विचारलं नाही. पुढचे काही दिवस तो सारखा पाणी पीत फिरत होता, तोंड कोरडं पडलेल्या माणसासारखा, आणि तिनं तेही कुणाला सांगितलं नाही. तपासणी करत राहिली. कटर आता टेबलावर होतं. बाया मात्र अजून जपून बोलत होत्या, आणि रामप्रसाद तर टेबलाकडं फिरकतच नव्हता. तो लांबूनच व्हय ताई, बरोबर ताई करायचा, आणि हेच तिला खुपत होतं. टेबल मिळालं होतं, पण टेबलावर बसलेली बाई अजून काचेचीच होती.

मग एक दिवस गाडी दारात उभी असताना तिनं अख्खा माल लालमध्ये टाकला. कडेला चीर, सरसकट. राजकुमार घाबरून रामप्रसादला बोलवायला गेला. तो आला. एक-दोन वायसर उचलून बघितले. ताई, एवढं जाऊ द्या ना, असं त्याच मऊ आवाजात म्हणाला. योगिनी म्हणाली, नाय. तो म्हणाला, ताई, जरा समजून घ्या. ती म्हणाली, समजून घ्यायला मी काय तुमची देवी हाय का, आवाज कामून बारीक केलाय, नीट बोला. आणि भिंग त्याच्या नाकाला लागेल इतकं पुढं केलं.

रामप्रसादचा पारा सरसर चढला. गाडीवाला भोंगे वाजवू राहिला, मालकाचा फोन येऊ राहिला, अन् तुम्हाला केसाएवढी चीर दिसती, असं तो ओरडला. ती म्हणाली, केसाएवढी काय, तुमचं बोट जाईल. तो म्हणाला, तुमचे डोळे तपासा. ती म्हणाली, तुम्ही प्रेस तपासा, साचा गेलाय. प्रेस थांबले. बाया काम सोडून बघायला लागल्या, आणि दीपमाला तर खोक्यावर चढून उभी राहिली. रामप्रसादनं भिंग हिसकून घेतलं, एकेक वायसर बघितला, आणि शेवटी ते टेबलावर आपटून निघाला. गाडी रिकामी गेली. जाताना सगळ्या शेडला ऐकू जाईल असं तो म्हणाला की असली हट्टी बाई उभ्या चिकलठाण्यात नसंल, हिला एक दिवस कामावरून काढूनच टाकतो.

योगिनीनं भिंगाला काही झालं नाही ना ते बघितलं, पदरानं पुसलं आणि पुढचं क्रेट ओढून घेतलं. लई दिवसांनी तिला कुणीतरी नुसतं हट्टी म्हणालं होतं.